पाणबुडीचा वेग आणि तिचा कान

प्रश्न असा आहे: "पाणबुडी जोरात गेली तर आवाज होऊन सापडते, हळू गेली तर लक्ष्यापर्यंत पोहोचत नाही. मग पाण्याखाली वेग आणि लपणं यांचा मेळ घालतात कसा? एखादा ठरलेला वेग असतो का?"

मी नौदलात सोनार शाखेत, म्हणजे पाण्यातला आवाज ऐकून शोध घेणाऱ्या शाखेत होतो आणि नोकरीची बरीच वर्षं डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुड्यांवर काढली. आम्ही तिला 'बोट'च म्हणतो, त्यामुळे पुढे तोच शब्द येईल. जे उघडपणे छापून आलेलं आहे आणि जे भौतिकशास्त्राच्या पुस्तकात सापडतं, तेवढंच सांगणार आहे. अमुक बोट किती नॉटला किती आवाज करते, हे मला विचारू नका. खाली जिथे 'समजा' म्हटलंय तिथला आकडा हिशोब कळावा म्हणून घेतलेला आहे, कुठल्या खऱ्या बोटीचा नाही. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, म्हणजेच १.८५ किलोमीटर, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

तुमचा प्रश्न अर्धा बरोबर आहे. जोरात गेल्यावर शत्रूला आपण ऐकू जातो, हे खरंच. पण त्याच्या आधी आणखी एक गोष्ट घडते: आपल्याला शत्रू ऐकू येईनासा होतो. बोटीवर काम केलेल्या माणसाला वेगाची धास्ती असते ती मुख्यतः याची.

पाण्याखाली खिडकी नाही. प्रकाश थोड्याच खोलीत संपतो, रडारच्या लहरी पाण्यात शिरत नाहीत. उरतो तो आवाज. तो मात्र समुद्रात सेकंदाला सुमारे १५०० मीटर, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो आणि फार लांबवर पोहोचतो. बोटीच्या नाकाडात, पोटाच्या दोन्ही अंगांना हायड्रोफोन, म्हणजे पाण्यात ऐकणारे मायक्रोफोन, बसवलेले असतात. बोट पुढे सरकली की पाणी त्यांच्या अंगावरून घासत जातं. तीन-चार नॉटला त्याचं काही वाटत नाही. वेग वाढला की हेडफोनमध्ये आधी बारीक फुसफुस येते, मग ती गर्दीसारखी दाटते, आणि त्यात पहिल्यांदा बुडतात ते सर्वात क्षीण आवाज. म्हणजे नेमके लांबचे, हळू चालणारे, लपून असलेले. धावत्या एसटीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्त्याच्या कडेला कोण काय कुजबुजतंय ते ऐकून पाहा, तसंच. एसटी थांबली की झाडावरचा पक्षीसुद्धा ऐकू येतो.

मागच्या बाजूला तर आपल्याच पंख्याचा, म्हणजे बोटीला पुढे ढकलणाऱ्या प्रोपेलरचा, आणि इंजिनरूमचा आवाज असतो, त्यामुळे शेपटीमागचा एक पट्टा कायमचा बहिरा असतो. म्हणून अधूनमधून बोट वळवून मागे कोणी आहे का ते ऐकावं लागतं. वेगात असताना या वळण्यालाही फारसा अर्थ उरत नाही, कारण वळूनही ऐकू काहीच येत नाही.

आता खर्चाची बाजू. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाने. चार नॉटला पंखा फिरवायला एक भाग वीज लागत असेल, तर आठ नॉटला आठ भाग, सोळा नॉटला चौसष्ट. डिझेल-इलेक्ट्रिक बोट पाण्याखाली बॅटरीवर चालते. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गाच्या बोटींत प्रत्येकी ३६० सेल असतात आणि एकेका सेलचं वजन ७५० किलो. म्हणजे १,७७५ टनांच्या बोटीत नुसत्या बॅटरीचेच २७० टन. एवढं ओझं वाहूनही पूर्ण वेगाने गेलात तर गणित तासांत संपतं. सिंधुघोष वर्गाच्या बोटी घ्या, ज्यांना जग 'किलो' म्हणून ओळखतं: प्रसिद्ध आकड्यांनुसार तीन नॉटने त्या बॅटरीवर सुमारे ४०० सागरी मैल जातात, म्हणजे साडेपाच दिवस. त्यांचा कमाल वेग १७ नॉटच्या आसपास. त्या वेगाने दिवस मोजायची गरजच पडत नाही. शिवाय लेड-ॲसिड बॅटरीतून झपाट्याने वीज ओढली की ती तिच्या क्षमतेइतकी देतही नाही. घाईत पिळलेल्या लिंबासारखं बरंच आत राहून जातं. किलोमध्ये या मंद चालीसाठी वेगळी छोटी मोटर असते, जेमतेम १३० अश्वशक्तीची. मुख्य मोटर ५,५०० अश्वशक्तीची. दोन आकड्यांतलं अंतर पाहिलं की घनाचा नियम वेगळा शिकवावा लागत नाही.

मग सगळ्यात हळू तेच सगळ्यात स्वस्त का? नाही. इथे नवीन अधिकारीही चुकतात. पंखा थांबला तरी बोट वीज खातच असते: सोनार, संगणक, वातानुकूलन, हवा शुद्ध करणारी यंत्रणा, स्वयंपाकघर, दिवे. समजा हा घरखर्च १०० किलोवॅट आहे आणि चार नॉटला पंख्याला ५० लागतात. तर दर मैलाला साडेसदतीस युनिट पडतात. दोन नॉटवर आलात की पंख्याचा खर्च सहावर येतो, पण तेवढंच अंतर काटायला दुप्पट वेळ लागतो आणि घरखर्च चालूच असतो. मैलाला त्रेपन्न युनिट. आठ नॉटला साडेबासष्ट. सोळाला दोनशेच्या वर. म्हणजे दूर जायचं असेल तर फार हळूही परवडत नाही. गणिताने सोडवलंत तर पंख्याचा खर्च घरखर्चाच्या बरोबर निम्मा असतो तिथे सर्वात जास्त पल्ला मिळतो. एका जागी दबा धरून बसायचं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे पल्ला नको असतो, दिवस हवे असतात.

बॅटरी संपली की पेरिस्कोपच्या खोलीवर यायचं, हवेची नळी, म्हणजे स्नॉर्केल, वर काढायची आणि डिझेल इंजिनं चालू करून चार्ज करायचं. ही बोटीची सर्वात धोक्याची वेळ. डिझेलचा घणघणाट पाण्यात जातो, नळीचं डोकं रडारला दिसू शकतं, धूर निघतो, आणि आपलं सोनार स्वतःच्या इंजिनापायी निम्मं बहिरं. गस्तीच्या एकूण वेळातला किती भाग अशा उघड्या अवस्थेत गेला, यावरून बोटीची किंमत ठरते. म्हणजे दुपारी केलेला वेग रात्री आवाज होऊन परत येतो. दुपारी दोन तास बारा नॉटने धावताना कोणी ऐकलं नसेलही. पण त्या धावण्यापायी एरवी परवा करायचं चार्जिंग आज रात्रीच करावं लागलं, आणि नेमका आज रात्री वर टेहळणी विमान असेल तर? कप्तानाच्या डोक्यात हा हिशोब सतत चालू असतो. अंथरूण पाहून पाय पसरणं म्हणतात, फक्त इथे अंथरूण प्रत्येक पावलाला आखडत जातं.

आता पंख्याकडे येतो, कारण सर्वांना तोच भाग आवडतो. पंख्याचं पातं पाणी मागे ढकलतं तेव्हा पात्याच्या एका अंगाला पाण्याचा दाब घटतो. दाब पुरेसा घटला की पाणी तिथल्या तिथे 'उकळतं', ना तापवता, नुसत्या कमी दाबामुळे. वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पुढच्याच क्षणी जास्त दाबाच्या पाण्यात जाऊन फुटतात. हे कॅव्हिटेशन. एक बुडबुडा फुटला तर काय, पण सेकंदाला हजारो फुटतात. हेडफोनमध्ये ते फोडणीत मोहरी तडतडल्यासारखं येतं. पंख्याच्या फिरण्याबरोबर ही तडतड कमी-जास्त होते, आणि ती मोजून ऐकणारा पाती किती आणि फेरे किती हे सांगतो. सात पात्यांचा पंखा मिनिटाला ९० फेरे घेत असेल तर सेकंदाला साडेदहा ठोके. मालवाहू जहाजांचे ठोके जड आणि संथ, मच्छीमार ट्रॉलरचे भरभर. आमच्याकडचे चांगले ऐकणारे डोळे मिटून सांगायचे, "हा ट्रॉलर आहे, जाळं ओढतोय," कारण जाळं पाण्यात असताना इंजिनावर भार येतो आणि तो ठोक्यात कळतो.

कॅव्हिटेशनवर उतारा आहे: खोली. दर दहा मीटरला समुद्र एक वातावरणाचा दाब चढवतो. पेरिस्कोपच्या खोलीवर, म्हणजे साधारण १८ मीटरला, वरच्या हवेसकट सुमारे २.८ वातावरण. १०० मीटरला अकरा. जेवढा बाहेरचा दाब जास्त, तेवढा बुडबुडा जन्मायला जड. स्थूल हिशोबाने तडतड सुरू होण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात सरकतो, म्हणजे वर सहा नॉटला तडतड सुरू होत असेल तर १०० मीटरला सुमारे बारा नॉटपर्यंत ती टाळता येईल. म्हणून नियम सोपा आहे: आधी खोल जा, मग वेग वाढव. आणि वाढवतानाही हळूहळू. थांबलेल्या बोटीत एकदम फेरे चढवले तर बोट अजून हललेली नसते आणि पातं पाण्याला आडवं कापतं, त्यामुळे अगदी कमी वेगातसुद्धा तडतड होते. स्कूटर एकदम पिळल्यावर चाक जागच्या जागी घसरतं, तसंच काहीसं.

पण हा उतारा आपल्या दारात फारसा चालत नाही! मुंबईसमोर समुद्राचा उथळ मंच सुमारे ३०० किलोमीटर आत पसरला आहे. बॉम्बे हायच्या तेलक्षेत्राजवळ पाणी जेमतेम ७५ मीटर. कलवरी वर्गाची बोट ६७.५ मीटर लांब. म्हणजे बोट उभी केली तर तिचं नाक जवळजवळ पृष्ठभागाला लागेल. इथे खोल जाऊन पळू म्हणायला जागाच नाही. वीस नॉट म्हणजे सेकंदाला दहा मीटर. त्या वेगात बोट वर-खाली वळवणारे मागचे आडवे पंख खालच्या दिशेने अडकले आणि बोट तीस अंश वाकली तर सेकंदाला पाच मीटर खाली जाते. उथळ पाण्यात तळाला आपटायला दहा सेकंदही लागत नाहीत. खोल समुद्रातही हीच भीती उलट्या बाजूने असते: तिथे तळ नसतो, पण बोटीच्या कवचाची मर्यादा असते. त्यामुळे कोणत्या खोलीवर किती वेग चालेल याचा एक तक्ता प्रत्येक बोटीवर पक्का ठरलेला असतो आणि तो आवाजासाठी नव्हे, जीव वाचवण्यासाठी असतो.

पाती सात का, असं बरेच जण विचारतात. बोटीच्या शेपटीला पंख असतात, बहुतेक बोटींत अधिक चिन्हासारखे चार. त्यांच्यामागे पाणी थोडं मंदावतं. पाती चार असती तर चारही एकदम त्या मंद पाण्यात शिरली असती आणि प्रत्येक वेळी एक ठोका बसला असता. विषम संख्येत ती एकेक करून शिरतात, धक्का वाटला जातो. पात्यांना कोयत्यासारखा बाक देण्याचं कारणही हेच: एकाच पात्याचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या क्षणी शिरावेत.

या आकारांना इतकं महत्त्व आहे की त्यावरून आंतरराष्ट्रीय बखेडा झाला होता. जपानच्या तोशिबा मशीन कंपनीने ८० च्या दशकाच्या सुरुवातीला निर्यातबंदी मोडून सोव्हिएत संघाला नऊ अक्षांची मिलिंग यंत्रं विकली. त्यांचे नियंत्रक नॉर्वेच्या कोंग्सबर्गचे. पंख्याची वाकडी पाती अचूक कापायला ती यंत्रं उपयोगी. १९८७ मध्ये हे उघड झालं तेव्हा अमेरिकी खासदारांनी संसदेच्या आवारात हातोड्याने तोशिबाचा रेडिओ फोडला. माझं मत विचाराल तर त्या यंत्रांना जरा जास्तच श्रेय दिलं गेलं. सोव्हिएत बोटी ती पोहोचण्याआधीच शांत व्हायला लागल्या होत्या, आणि बोट शांत होते ती नुसत्या पंख्याने नाही.

बाकीचं काय असतं? प्रत्येक पंप, प्रत्येक जनरेटर रबराच्या पायांवर, आणि ते सगळं मिळून आणखी एका तरंगत्या चौकटीवर बसवलेलं, म्हणजे यंत्राची थरथर कवचापर्यंत पोहोचू नये. ही व्यवस्था कागदावर झकास असते. प्रत्यक्षात तिला मारायला एक पाना पुरतो. एकदा आमच्या बोटीवर एका ठरावीक सुराची गुणगुण ऐकू यायला लागली. दोन दिवस शोधलं. सापडलं तेव्हा हसावं की रडावं कळेना: दुरुस्तीनंतर कोणाचा तरी पाना यंत्राची चौकट आणि कवच यांच्या फटीत राहिला होता. लाखो रुपयांच्या रबराला बगल देऊन थरथर त्या पान्यातून सरळ समुद्रात जात होती. आवाजाचं शॉर्ट सर्किटच. त्यानंतर कितीतरी दिवस मी हातात टॉर्च घेऊन फटी तपासत फिरायचो, आणि पोरं मला हसायची.

फारच शांत राहायचं असेल तेव्हा माणसांनाही बंद करावं लागतं. ज्याची ड्यूटी नाही त्याने बिछान्यावर पडायचं. स्वयंपाकघर बंद, म्हणजे थंड जेवण. वातानुकूलन कमी, म्हणजे घाम. दारं आपटायची नाहीत, हत्यार खाली ठेवायचं ते कापडावर, बोलायचं ते कानात. आचाऱ्याच्या हातून कालथा पडला तर आमच्या हेडफोनमध्ये तो स्वच्छ ऐकू येतो, आणि आम्हाला येतो म्हणजे आणखी कोणाला येत नसेल असं समजायचं काही कारण नाही.

आता लोकांना फारसं माहीत नसलेलं. हळू जाणंही फुकट नसतं, आणि याचा पैशाशी, विजेशी संबंध नाही. बोट पाण्यात तरंगते ती स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारून. वजन आणि उत्प्लावन तंतोतंत जुळलं पाहिजे. वेगात असताना थोडी चूक चालते, कारण आडवे पंख विमानासारखे पाण्याला धरून बोट वर-खाली सावरतात. दोन नॉटला पंखांना पाण्याची पकडच राहत नाही. बोट पाच टन जड असेल तर हळूहळू बुडत जाते. मग पंप लावून पाणी बाहेर फेकावं लागतं, आणि पंप म्हणजे आवाज. नाहीतर वेग वाढवावा लागतो, तोही आवाज. बंगालच्या उपसागरात नद्यांचं गोडं पाणी पावसाळ्यानंतर खूप पसरतं. समुद्राची घनता एक टक्क्याने उतरली तर पावणेदोन हजार टनांची बोट एकदम सतरा टनांनी 'जड' होते. काही न करता, फक्त पुढे सरकल्यामुळे! दहा-बारा माणसं पुढच्या कप्प्यातून मागे जेवायला गेली तरी नाक वर उचललं जातं आणि सुकाणूवरचा माणूस ओरडतो, "कोण निघालंय रे मागे?" म्हणून मी म्हणतो की बोट शांत चालवण्याचं निम्मं श्रेय सोनारवाल्याचं नसतं, वजनाचा ताळमेळ बसवणाऱ्या अधिकाऱ्याचं असतं. त्याचं गणित पक्कं असेल तर बोट दीड-दोन नॉटला तासन् तास लोंबकळत राहते आणि एकही पंप लागत नाही.

तर मग या सगळ्यात पोहोचायचं कसं? एक जुना मार्ग म्हणजे धावायचं आणि थांबायचं. वीस-पंचवीस मिनिटं खोलात वेगाने जायचं, मग मंद होऊन दिशा थोडी बदलून ऐकायचं, पुन्हा धावायचं. धावताना आपण बहिरे; थांबल्यावर चित्र पुन्हा जुळवायचं. यात धोका असा की समोरचाही हेच करत असेल आणि तुमची धावण्याची वेळ त्याची ऐकण्याची वेळ निघाली, तर तुम्ही स्वतःहून त्याला पत्ता दिलात.

दुसरं, आणि जास्त महत्त्वाचं: पाठलाग करायचाच नाही. मोकळ्या समुद्रात जहाजं १५ ते २० नॉटने जातात. बॅटरीवरच्या बोटीने मागून गाठायचं म्हटलं तर ती वाटेतच दमेल. आपण पुढे असलं पाहिजे. याचं भूमितीत उत्तर आहे. लक्ष्य १८ नॉटने येतंय आणि तुम्हाला शांतपणे ६ नॉटच करता येतात, तर तुम्ही त्याच्या नाकासमोर डाव्या-उजव्या बाजूला सुमारे साडेएकोणीस अंशांच्या आत असलात तरच गाठ पडेल. त्या पाचरीच्या बाहेर असाल तर कितीही चतुराई केली तरी जहाज निसटणार. वेग दुप्पट केलात, १२ नॉट, तर पाचर जवळजवळ बेचाळीस अंशांची होते. म्हणजे वेगाने मिळते ती जागा निवडण्याची मोकळीक. आणि जागा आधीच बरोबर निवडली असेल तर वेग लागतच नाही.

आपल्याला याचं सर्वात कडू उदाहरण ९ डिसेंबर १९७१ चं आहे. दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी हंगोरने आयएनएस खुकरी बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. खुकरी वर्गाच्या नौकांचा वेग २७ नॉटच्या आसपास, फ्रेंच बनावटीच्या डाफ्ने वर्गातल्या हंगोरचा पाण्याखाली १६. सरळ शर्यत असती तर हंगोरला काही जमलं नसतं. ती शर्यतीत उतरलीच नाही. आपल्या नौका शोधफेऱ्या घेत होत्या, आणि फेऱ्या म्हटलं की माणूस पुन्हा त्याच वाटेवर येणार. तिने त्या वाटेवर जाऊन बॅटरीवर शांत वाट पाहिली. आमच्या पिढीला प्रशिक्षणात हा प्रसंग शिकवला गेला तेव्हा वर्गात बराच वेळ कोणी बोललं नव्हतं.

याची उलट बाजूही सांगतो, कारण इथे 'हळू म्हणजे लपलेलं' हे समीकरण मोडतं. बोटीने पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, सोडला, लक्ष्याला लागला, आता सगळ्यांना कळलंय की ती इथे कुठेतरी आहे. दोन तासांनी हेलिकॉप्टरं येणार. दोन तास ५ नॉटने सरकलात तर तुम्ही १० मैल त्रिज्येच्या वर्तुळात कुठेतरी असाल, म्हणजे सुमारे ३१४ चौरस मैल. १० नॉटने गेलात तर २० मैल त्रिज्या आणि सुमारे साडेबाराशे चौरस मैल. शोधणाऱ्याचं काम चौपट झालं. शिवाय हेलिकॉप्टर दोरीने सोनार बुडवून स्वतः टाहो फोडतं आणि प्रतिध्वनी ऐकतं. त्याला तुमच्या शांततेचा काडीचा फरक पडत नाही. त्या वेळी लांब असणं हेच लपणं. अशा प्रसंगी मी कप्तानांना जरासुद्धा न कचरता बॅटरी उधळताना पाहिलंय, सरावात का होईना. आणि तासाभराने तितक्याच ठामपणे सगळं बंद करून मंद होतानाही. कधी उधळायचं हे कोणत्याच पुस्तकात नीट लिहिलेलं नाही.

समुद्र स्वतः मदत करतो, आणि दगाही देतो. उन्हाने वरचं पाणी तापलेलं असतं, खाली एकदम थंड थर लागतो. आवाज नेहमी मंद वेगाच्या, म्हणजे थंड पाण्याकडे वाकतो. बोट त्या थराखाली शिरली की वरच्या जहाजाचं सोनार तिच्या डोक्यावरून जातं. दुपारी ऊन चढलं की जहाजाचं सोनार मंदावतं, ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच खलाशांच्या लक्षात आली होती. त्यांना वाटायचं जेवण झाल्यावर ऑपरेटर पेंगतो. थर कुठे आहे ते कळायला बोट खाली जाताना सतत पाण्याचं तापमान नोंदवते. थराखाली काही नॉट जास्त परवडतात. पावसाळ्यात अरबी समुद्र घुसळून निघतो आणि हा थर खोल ढकलला जातो, तेव्हा हिशोब पुन्हा मांडायचा.

आणि आमचं कोकणचं उथळ पाणी तर आवाजाने भरलेलं असतं. चटकन चिमटा मिटणारी एक कोळंबी असते. तिच्या चिमट्यातूनही बुडबुडाच फुटतो. लाखोंनी असतात. हेडफोनमध्ये पापड भाजल्यासारखा अखंड कडकडाट. त्यात ट्रॉलर, त्यात मालवाहू जहाजं, त्यात पाऊस. या गलक्यात हळू चालणारी बोट शोधणं महाकठीण, तसंच आपल्यालाही दुसरी बोट ऐकणं महाकठीण. ज्या वेगाला मोकळ्या समुद्रात आपण उघडे पडू, तो इथे गलक्यात विरघळून जातो. म्हणजे शांत किती, हा प्रश्नच अपुरा. आजूबाजूच्या पाण्यापेक्षा शांत आहोत का, एवढंच विचारायचं. जाता जाता: वर्तमानपत्रात 'अमुक पाणबुडी शंभर डेसिबल म्हणजे ट्रकपेक्षाही गोंगाटी' असं छापतात ते निरर्थक आहे. पाण्यातले आणि हवेतले डेसिबल वेगळ्या मापाने मोजतात. दोन्हींत सुमारे ६२ चा फरक पडतो.

अणुबोटींबद्दल थोडक्यात, कारण मी त्यांच्यावर काम केलेलं नाही. त्यांना बॅटरीची चिंता नसते, महिनोन् महिने वीस-पंचवीस नॉट करू शकतात. पण अणुभट्टी थंड ठेवणारे पंप आणि टर्बाइन हे सहसा पूर्ण बंद करता येत नाहीत; त्यामुळे मंद वेगाला चांगली बॅटरीवरची बोट त्यांच्यापेक्षा शांत असू शकते. वेगाच्या हव्यासाचं टोक सोव्हिएत संघाने गाठलं: टायटॅनियमच्या के-२२२ ने ४४.७ नॉटचा पाण्याखालचा विक्रम केला. त्या वेगात आतल्या नियंत्रणकक्षातच १०० डेसिबलच्या घरात आवाज होता, असं नोंदलेलं आहे. आत माणसाला माणसाचं ऐकू येईना, तर बाहेरचं काय ऐकणार? तशी दुसरी बोट बांधलीच नाही.

आणखी एक गैरसमज: हवेशिवाय चालणारी यंत्रणा, जिला एआयपी म्हणतात, बसवली की बोट वेगवान होते. नाही. ती देते काही शे किलोवॅट, म्हणजे चार-पाच नॉटची चाल, पण वर न येता दोन आठवडे. स्वीडनच्या गोटलंडने याच जोरावर २००५ पासून दोन वर्षं सॅन दिएगोजवळच्या सरावांत अमेरिकी नौदलाला जेरीस आणलं. आपल्याकडे अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेने इंधनघटावर (फ्युएल सेलवर) चालणारी अशी यंत्रणा विकसित केली. मार्च २०२१ मध्ये जमिनीवर तिची चाचणी यशस्वी झाली आणि कलवरी वर्गात ती बसवण्याच्या कामाचा करार डिसेंबर २०२४ मध्ये माझगाव डॉकशी झाला. जपानने वेगळी वाट धरली: २०२० मध्ये दाखल झालेल्या ओऱ्यूमध्ये एआयपी काढून लिथियम-आयन बॅटरी भरल्या. त्या जोरात ओढल्या तरी फारसा तोटा होत नाही आणि चार्जही लवकर होतात. वर सांगितलेला 'दुपारचा वेग, रात्रीचा आवाज' हा हिशोब त्या बॅटरीने बराच सैल होईल, असं मला वाटतं. वेग आणि कान यांचं भांडण मात्र तसंच राहणार, कारण पाणी घासायचं थांबत नाही.

ठरलेला वेग असतो का, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: गस्तीवर बहुतेक वेळ तीन ते पाच नॉट, म्हणजे भरभर चालणाऱ्या किंवा हळू धावणाऱ्या माणसाइतका. बाकी वेळी कप्तान विचारतो, "सोनार, काय ऐकू येतंय?" आम्ही सांगायचं, "सर, या वेगाला काही नाही." मग तो फेरे दोन-तीनने उतरवतो आणि पुन्हा विचारतो.